सांबऱ्याच्या धावपट्टीवर बाहेरचा लेसन प्लॅन

अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या सांबरा विमानतळावर उड्डाण शिकवण्यासाठी तू निवडून पाठवलेले बाहेरचे तिन्ही तयार अभ्यासक्रम आणि त्यांचे लेसन प्लॅन वाचले. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. कोणता धडा कशानंतर घ्यायचा, हे अभ्यासक्रम सांगतो. आजच्या एका उड्डाणात काय शिकवायचं आणि कुठवर न्यायचं, ते लेसन प्लॅनमध्ये असतं. अभ्यासक्रमात तुला फारशी मोकळीक नाही. आपल्याकडे उड्डाण शिकवायचं ते डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या) संस्थेतच, तिच्या ट्रेनिंग मॅन्युअलप्रमाणे. लेसन प्लॅन मात्र तुझ्या हातचे, आणि शिकाऊचं बरंवाईट बरंचसं तिथेच ठरतं.

तयार प्लॅन हाती आला की सगळ्यात आधी त्यातले आकडे तपास. तुझ्या संचातला फोर्स्ड लँडिंगचा, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर शेतात उतरण्याचा, धडा सेसना 152 साठी लिहिलाय. त्यात ग्लाइडचा (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा) वेग 60 नॉट आहे आणि 'कार्ब हीट ऑन' (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणं) ही पायरी आहे. तू शिकवणार सेसना 172 एस वर. तिचा ग्लाइड वेग पूर्ण वजनाला 68 नॉट, आणि इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे कार्ब हीटचा खटकाच नाही. पोराने 60 धरला तर विमान हवेत जास्त वेळ राहील, पण अंतर कमी कापेल आणि निवडलेल्या शेताच्या अलीकडेच उतरेल. प्रत्येक वेग, प्रत्येक चेकलिस्ट तुझ्या विमानाच्या पीओएचशी (त्या विमानाच्या वैमानिक-पुस्तिकेशी) ताडून बघ, आणि जुळली की पेनने खूण कर.

मग धावपट्टी. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळपास 2,500 फूट उंचावर आहे. किनाऱ्यावरच्या मैदानासाठी लिहिलेल्या प्लॅनमध्ये 'सर्किट 1,000 फूट' असतं, म्हणजे धावपट्टीभोवतीचा फेरा जमिनीपासून तेवढ्या उंचीवर. इथे क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून दिलेला हवेचा दाब) लावल्यावर अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, 3,500 दाखवेल. पहिल्याच ब्रीफिंगमध्ये हे फळ्यावर लिही. एप्रिलातल्या दुपारी तापमान 35 अंश असेल, तर या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा ते 25 अंशांनी जास्त. अंशाला 120 फूट धर, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजारांवर जाते. चढण मंदावते. त्याहून फसवी गोष्ट अशी की फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, काट्यावर 65 नॉट दिसत असताना खरा वेग सत्तरच्या वर असतो. जमीन जोरात सरकताना दिसते, शिकाऊ डोळ्यांवर विश्वास ठेवून नाक वर घेतो आणि वेग घालवतो. सर्किटच्या प्लॅनमध्ये 'नेहमीच्या चुका' या रकान्यात ही चूक आधी लिही.

फोर्स्ड लँडिंगचा धडा इथल्या शिवारासाठी नव्यानेच लिहावा लागेल. 'हिरवं, सपाट शेत निवडा' हे वाक्य खोडून टाक. वरून गालिच्यासारखा दिसणारा उभा ऊस पुरुषभर उंच, कधी त्याहून उंच असतो. चाकं त्यात अडकली की विमान उलटतं. तोडणी झालेलं शेत चालेल, पण उतरायचं ते सरीच्या दिशेने, आडवं नाही. खानापूरकडच्या भातखाचरांत बांध आडवे येतात. बैलहोंगलकडची काळी जमीन उन्हाळ्यात ठीक. पाऊस पडून गेला की चाक रुतलंच म्हणून समज. शेतातल्या पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग शोधायला शिकव. धड्याआधी मोसमाप्रमाणे कुठे काय उभं आहे, ते नकाशावर पेन्सिलीने मांडून ठेव.

क्रम मोसमाला वळवता येईल, असाच संच घे. एक्सरसाइज 4 ते 9, म्हणजे नियंत्रणांच्या ओळखीपासून वळणांपर्यंतचे पहिले धडे, सकाळी लवकर उरकायच्या. उन्हं चढली की हवा उसळते, आणि चूक शिकाऊची की हवेची हे कळत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर फुटतो, म्हणून लांबचं नेव्हिगेशन तेव्हा नको. पावसाळ्यात ढग खाली बसले की सिम्युलेटर आणि ग्राउंडचे धडे पुढे घे. स्लो फ्लाइट (कमी वेगात विमान सांभाळणं) पक्की झाल्याशिवाय स्टॉल (पंखांची उचल तुटणं) मात्र कोणत्याही मोसमात घ्यायचा नाही.

धडा पूर्ण कधी म्हणायचा, हे ज्या प्लॅनमध्ये आकड्यांत दिलेलं नाही तो घेऊच नकोस. 'स्टीप टर्न (तीव्र वळण) समजला' याला अर्थ नाही. 45 अंश बँक (विमानाचा कल), उंची अधिक-उणे 100 फूट, रोलआउट (वळणातून सरळ होणं) ठरलेल्या दिशेच्या 10 अंशांच्या आत: हे मोजता येतं. तू घेतलेल्या अमेरिकन संचात हे चांगलं आहे, तेवढं ठेव; दाब मात्र त्यात पारा-इंचांत आहे, तो हेक्टोपास्कलमध्ये कर.

आणखी एक. आपली निपाणी-खानापूरची बरीच पोरं मराठी माध्यमातली. जमिनीवर मराठीतच समजाव, कुणी कन्नड माध्यमातला असेल तर कन्नडमध्ये. पण 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल', 'गो अराउंड' हे शब्द पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच, जसेच्या तसे. प्लॅनच्या समासात त्या धड्याचे आरटीचे (रेडिओवर बोलायचे) शब्द लिहून ठेव आणि ब्रीफिंगच्या शेवटी शिकाऊकडून मोठ्याने म्हणवून घे.

ब्रीफिंगला 20 मिनिटं, डीब्रीफिंगला 15. शेरा त्याच दिवशी लिहायचा, पुढच्या उड्डाणात काय परत घ्यायचं त्या एका ओळीसह. सर्किटचा प्लॅन सुधारून झाला की आधी तोच पाठव.

कळावे.