सादिया गाओन: तर्क पुरेसा असेल तर तोरा कशाला?

प्रश्न दोन आहेत. धर्मातल्या मुख्य गोष्टी बुद्धीनेही सिद्ध होतात असं दहाव्या शतकातला ज्यू पंडित सादिया म्हणतो, तर मग तोरा, म्हणजे ज्यूंचा ईश्वराने दिलेला धर्मग्रंथ, हवीच कशाला? आणि हे सगळं त्याने मुअतजिली पंडितांकडून, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या इस्लामी पंथाकडून, उचललं का?

पहिला प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केलाय, 'श्रद्धा आणि मते' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत. तिथे तो चक्क हिशेब मांडतो. एकाकडे १००० दिरहम होते. त्याने पाच जणांना प्रत्येकी २० दिले, सहा जणांना १६ पूर्णांक दोन तृतीयांश, सात जणांना १४ पूर्णांक दोन सप्तमांश, आठ जणांना साडेबारा आणि नऊ जणांना ११ पूर्णांक एक नवमांश. उरले किती? आकडेमोड करत बसलात तर वेळ जाणार, एखादा मध्येच चुकणार, एखादा कंटाळून सोडून देणार. (प्रत्येक गटाला बरोबर १०० जातात हे कळेपर्यंत मलाही कागद लागला होता.) तो माणूस सांगतो, ५०० उरलेत, आणि उरलेली नाणी तराजूत टाकून दाखवतो. वजन बरोबर भरलं की त्याचं म्हणणं मान्य करावंच लागतं. नंतर ज्याला जमेल त्याने सवडीने गणित करून त्याच ५०० वर पोचावं.

म्हणजे साक्षात्कार हे तराजूतलं वजन आणि तत्त्वचिंतन ही आकडेमोड. उत्तर एकच. पण गणित सुटेपर्यंत माणसांनी धर्माशिवाय राहायचं का, ही त्याची खरी अडचण आहे. आणि वजन पाहिलं म्हणून आकडेमोड सोडा असं तो म्हणत नाही, हे बरेच जण विसरतात. चौकशी करणं त्याच्या लेखी कर्तव्यच आहे.

ज्ञानाची साधनं तो चार मानतो: इंद्रियं, बुद्धीला आपोआप पटणारं, त्यांवरून निघणारं अनुमान आणि खात्रीची परंपरा. अनुमानाचं त्याचं उदाहरण वाचून आपल्याकडच्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला हसू येईल: धूर दिसला की आग असणार! यावरून सादियाचं बगदाद आणि न्यायशास्त्राची मिथिला यांची सोयरीक मात्र जुळवू नका, धूर सगळीकडेच निघतो.

पवित्र ग्रंथाचा शब्दशः अर्थ कधी सोडायचा, हेही तो ठरवून देतो. तो अर्थ इंद्रियांच्या, बुद्धीच्या, दुसऱ्या एखाद्या वचनाच्या किंवा परंपरेच्या विरुद्ध जात असेल तरच. हव्वेला 'सर्व सजीवांची आई' म्हटलंय. पण बैल आणि सिंह काही बाईच्या पोटी जन्मत नाहीत, तेव्हा तिथे फक्त माणसंच अभिप्रेत आहेत.

आता उचलेगिरीचं. सृष्टी निर्माण झालेली आहे हे आधी सिद्ध करायचं, मग ईश्वराचं एकत्व, पुढे त्याचा न्याय, ही मांडणी कलामचीच, म्हणजे मुअतजिली ज्यातले त्या इस्लामी तर्काधारित धर्मचिंतनाचीच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बुद्धीला पटणाऱ्या आज्ञा आणि केवळ सांगितल्या म्हणून पाळायच्या आज्ञा हा भेदही त्याच वळणाचा. यावरूनच पुढे बाराव्या शतकातल्या मैमोनिदीज या ज्यू तत्त्वज्ञाने नाव न घेता टोला हाणला, की आपल्यातल्या काही पंडितांना कलामवाल्यांचा आजार जडलाय. तो रोख सादियावर होता असं सहसा मानतात. पण सगळं अविभाज्य कणांचं बनलंय हा कलामच्या पंडितांचा लाडका परमाणुवाद सादियाने घेतला नाही. नुसती नक्कल करणारा असं निवडून घेत नाही.

शिवाय माणूस कुणापुढे वाकणाराही नव्हता. जन्म ८८२ चा, इजिप्तमधल्या फय्यूमचा. ९२१-२२ मध्ये ज्यू पंचांगाच्या वादात त्याने पॅलेस्टाईनच्या बेन मेइरला अंगावर घेतलं. ९२८ मध्ये दाविद बेन जक्काईने, म्हणजे बाबिलोनियातल्या ज्यू समाजाच्या प्रमुखानेच, त्याला सूरा इथल्या ज्यू विद्यापीठाचा गाओन, म्हणजे प्रमुख, नेमलं. दोनेक वर्षांत सादियाने त्याच दाविदच्या एका वारसाहक्काच्या निवाड्यावर सही करायला नकार दिला. दोघांनी एकमेकांना पदच्युत जाहीर केलं, आणि सादिया काही वर्षं पदाबाहेर बगदादेत राहिला. हा ग्रंथ त्याच काळातला, ९३३ च्या सुमाराचा.

वाचायचा असेल तर प्रस्तावना आणि तिसरं प्रकरण आधी घ्या, त्यात आज्ञांचा विषय आहे. पहिल्या प्रकरणात तो सृष्टीच्या उत्पत्तीविषयीची इतरांची मतं एकेक करून खोडतो. तिथेच सुरुवात केलीत तर दमून जाल.