विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची 'अ वॅग्नर मॅटिने' ही कथा परीक्षेसाठी कशी वाचायची? नुसता सारांश पुरेल का?

सारांशावर नका राहू, प्लॉट तसा दोन ओळींचाच आहे. जॉर्जियाना आंट बॉस्टनला संगीत शिकवायची, प्रेमात पडून लग्न करून नेब्रास्काच्या माळरानावर गेली, आणि तीस वर्षांनी कामानिमित्त परत आली तेव्हा तिचा भाचा क्लार्क तिला कॉन्सर्टला घेऊन जातो, बस.

खरी गंमत तिच्या हातांत आहे. कणीक मळून, ओझी उचलून वाकडी झालेली बोटं, त्यातल्या एकात झिजून बारीक झालेली लग्नाची अंगठी, आणि तीच बोटं वॅग्नर या जर्मन संगीतकाराचं संगीत सुरू असताना काळ्या ड्रेसवर पियानो वाजवल्यासारखी हलतात, हा प्रसंग दोन-तीनदा वाचाच कारण त्याग हा शब्दही न वापरता सगळं तिथेच कळतं. तसंच कॉन्सर्टला जायच्या आधी तिला घरच्या अशक्त वासराची काळजी लागलेली असते, तेही उत्तरात घाला, फ्रंटियरचं, म्हणजे नव्याने वसवलेल्या सीमाभागातलं, जगणं माणसाला किती धरून ठेवतं ते त्यातून दाखवता येतं. आणि हो, सगळं क्लार्कच्या नजरेतून आलंय, त्याला लहानपणी ऑर्गनवर तिनेच शिकवलेलं, त्यामुळे दया आणि कृतज्ञता दोन्ही मिसळलंय, यावर प्रश्न हमखास येतो. जमलं तर वॅग्नरच्या 'टानहॉयझर' ऑपेराचं ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) यूट्यूबवर ऐकून मगच वाचा.