लहानपणीच्या परिसरावर चित्रं काढतो, पण ती कॅलेंडरसारखी दिसतात. त्या जागेशी असलेलं नातं चित्रात कसं आणायचं?

कॅलेंडरसारखी दिसतात, कारण तुम्ही पाहुण्याच्या जागी उभं राहून काढताय.

मी प्रयाग चिखलीचा. भोगावती आणि कासारी आमच्या गावाशी मिळतात आणि पुढे पंचगंगा म्हणून कोल्हापूरकडे जातात. कलाशाळेत निसर्गचित्राला पंचगंगाच दिली होती. सगळा वर्ग घाटावर, अर्धी पाण्यातली देवळं रंगवत बसलेला. मी घरी आलो आणि माजघरातली भिंत काढली. 2005 च्या पुराची रेष होती तिच्यावर, माझ्या छातीएवढी. दर दिवाळीला चुना द्यायचो, महिन्याभरात रेष परत वर यायची. पाणी उतरलं त्या दिवशी मी तिच्याकडे बघत उभा होतो, तर आई म्हणाली, "बघत काय बसलाईस, गाळ वाळायच्या आत खरवड." तो ओला, कुजकट वास अजून नाकात आहे.

सरांनी चित्र बाजूला ठेवलं. "यात नदी कुठाय? आबालाल रहिमान बघा जरा." वर्गासमोर मला एक शब्द सुचला नाही.

आज सांगतो. नदी त्या रेषेत आहे, सर. आणि आबालाल कोल्हापूरचे चित्रकार, मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले, रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा हेच रंगवत राहिले. ते त्यांच्या पायाखालचं होतं. तुम्ही आम्हाला त्यांचा विषय उचलायला लावलात, त्यांचं बसणं नाही शिकवलंत.

2019 ला पाणी त्या रेषेच्या बरंच वर गेलं आणि भिंत बसली. चित्र माझ्या शहरातल्या खोलीवर होतं म्हणून राहिलं. आता ते सोनतळीच्या नव्या घरात आहे. वडिलांनी टेपनं मोजून टांगलं, रेष जुन्या घरात जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होती बरोबर तेवढ्यावर. पाहुण्यांना चित्र खाली लागल्यासारखं वाटतं. वडील हलवू देत नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं. फोटोवरून काढू नका. त्या जागेनं तुमच्या घरात, अंगावर, कामावर काय ठेवलंय ते शोधा आणि तेवढंच काढा. डोंगर आपोआप येईल, नाही आला तरी चालेल.

गावची माती रंगात वापरायचा मोह होईल. मीही वापरली. कच्चा गाळ घेऊ नका, बुरशी धरतो. पूर्ण वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ॲक्रिलिकच्या मीडियममध्ये कालवा, आणि थर पातळ द्या, जाड थराला भेगा पडतात.

आणि हो, घाट काढूच नये असं माझं म्हणणं नाही. घाटावर वाढलेल्यानं घाटच काढावा. ओल्या कागदावर रंग कसा सोडायचा हेही मला त्याच सरांनी शिकवलं, भिंतीवरची ओल त्याशिवाय जमली नसती. पण "यात नदी कुठाय" हे त्यांचं चुकलंच.