जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड बसवताना बोल्टच्या आट्यांना तेल लावायचं की आटे कोरडेच ठेवायचे?

तुमच्याकडे टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'टक्' वाजणारा पाना) आहे, किती जोराने आवळायचं तो मॅन्युअलमधला आकडा आहे, आणि तेलाने असा काय फरक पडणार, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळ फरक पडतो. मॅन्युअलने 'कोरडे' किंवा 'तेल लावून' असं स्पष्ट सांगितलं असेल तर तेच पाळा. काहीच लिहिलं नसेल तर हेडच्या आट्यांना मी इंजिन ऑइलचं अगदी हलकं बोट लावतो.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉकवर, म्हणजे खालच्या मुख्य धडावर, दाबून बसतं. पण हा ताण टॉर्क रेंचला कळत नाही. फिरवायला किती जोर लागतोय, एवढंच तो सांगतो. ढोबळमानाने त्या जोरातला निम्मा नटाखालच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के खऱ्या ताणासाठी उरतो. म्हणजे घर्षण थोडं जरी बदललं तरी रेंचवरचा आकडा तोच राहून ताण भलताच होतो. गंजलेल्या आट्यांवर रेंच वेळेवर 'टक्' करतो आणि हेड मात्र सैल राहतं. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून गाठला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. अँटी-सीझ पेस्टने (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती) तर आणखीच. आणि तेल लावायचंच तर नटाच्या बुडाला आणि वॉशरलाही लावा, निम्मं घर्षण तिथेच असतं. हे बहुतेक जण विसरतात.

म्हणून माझा जास्त वेळ आवळण्याच्या आधीच जातो. आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे. ब्लॉकमधल्या आट्यांत साधा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, तो चांगला धातूही खरवडून काढतो. आटे साफ करायचा चेसर मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याच मापाच्या जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तो हाताने फिरवा. बंद तळाच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं नको. द्रव दाबला जात नाही, बोल्ट खाली उतरला की ब्लॉकलाच तडा जातो. हवा मारून भोक कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा लावून. जी भोकं पाण्याच्या वाटेत उघडतात तिथे तेलाऐवजी सीलंट लागतं. बोल्टऐवजी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, वर नट लागणारा दांडा) असेल तर तो ब्लॉकमध्ये बोटांनी बसवला तरी पुरे. खोलगट झालेले वॉशर फेकून द्या.

गाडी ब्रिटिश असेल तर एक खबरदारी. व्हिटवर्थ (जुनी ब्रिटिश पद्धत) आणि यूएनसी (अमेरिकन पद्धत) या आट्यांची दर इंचातली संख्या बऱ्याच मापांत सारखीच असते, पण आट्यांचा कोन अनुक्रमे ५५ आणि ६० अंश. नट चढतो खरा, पण नीट धरत नाही. मॅन्युअलमधल्या आकड्याचं एकक पण बघा : १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ७.२ पाउंड-फूट किंवा ९.८ न्यूटन-मीटर.

आवळताना मधून बाहेरच्या बाजूला जायचं, तीन फेऱ्यांत. आकडा ६० असेल तर २०, ४०, ६०. शेवटची ओढ एकसंध हवी. मध्ये थांबलात तर पुन्हा हलवायला जादा जोर लागतो आणि रेंच लवकर वाजतो. अशा वेळी पाव फेरा सैल करून पुन्हा एका दमात ओढा. एकदा 'टक्' झालं की बस, खात्रीसाठी दुसऱ्यांदा नको. बोल्ट फिरतोय पण हाताला जोर वाढल्याचं जाणवत नसेल तर तिथेच थांबा. एकतर तो लांबतोय किंवा ब्लॉकमधले आटे चाललेत. काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) आणि संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) यांच्या बारीक बोल्टना हा मोठा रेंच लावूच नका. त्याच्या क्षमतेच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात त्याच्यावर माझा विश्वास नाही, आणि तिथलं कॉर्कचं गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) जास्त आवळल्यावर बाहेर पिळून निघतं आणि मग तिथूनच गळतं.

हेडचं गॅस्केट पुन्हा आवळायच्या जातीचं असेल तर इंजिन चांगलं तापवून पूर्ण थंड होऊ द्या. मग त्याच क्रमाने एकेक नट किंचित सैल करून परत आकड्यावर आणा. एका वेळी एकच, सगळे सैल करून बसू नका. त्यानंतर टॅपेटची फट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक जागा) पुन्हा मोजा, हेड खाली दबल्यामुळे ती बदललेली असते.