‘एवढे दोन महिने रेटते’ हा हिशेब जुळत नाही

प्रश्न : वय ४१. ऑफिसात मोठ्या प्रोजेक्टची डेडलाइन आहे, घरी खुब्याच्या ऑपरेशननंतर नुकते चालायला लागलेले वडील आहेत, आणि माझी तीन पेपरांची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. रात्री साडेबाराला पडते, सहाचा गजर लावते, पण बऱ्याचदा चारलाच जाग येते. एकच मेल तीनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. परवा बाबांनी पुन्हा पाणी मागितलं म्हणून त्यांच्यावर खेकसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. भाऊ म्हणतो, ‘सांगशील ते करतो.’ पण सांगायलाही जिवावर येतं. मी आळशी झाले आहे का? एवढे दोन महिने रेटून मग आठवडाभर सुट्टी घ्यावी, असं ठरवते आहे. चालेल ना?

उत्तर : नाही, तुम्ही आळशी झालेल्या नाहीत. आणि नाही, हा बेत चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली : अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. ती व्याख्या नोकरीपुरती आहे, पण घरच्या आजारपणात राबणाऱ्यांमध्येही हेच दिसतं. बाबांवर खेकसणं हे त्यातलं दुसरं लक्षण. माया आटली म्हणून माणूस असा वागत नाही, शिल्लक काही उरलं नाही की असा वागतो.

आता दोन महिने रेटण्याबद्दल. २००३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात माणसांना सलग १४ रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि आपण किती घसरलो हे त्यांचं त्यांनाच फारसं कळत नव्हतं. म्हणून ‘पाच तास पुरतात मला’ या स्वतःच्या साक्षीवर विसंबू नका. तीनदा वाचावा लागणारा मेल जास्त खरं सांगतो. नंतरच्या सुट्टीने बरं वाटेल, पण तोच भार पुन्हा डोक्यावर आला की तो तजेला काही आठवड्यांत ओसरतो.

एक कागद घ्या. आठवड्याचे तास १६८. रोज साडेसात तास झोप धरली तर ५२.५ गेले. प्रवासासकट ऑफिस ५५ धरू. बाबांचं रोज साडेतीन तास म्हणजे २४.५, आणि स्वयंपाक, जेवण, आंघोळ, आवराआवर यांचेही तितकेच. उरले ११.५. अभ्यासाला रोज दोन तास धरले तर लागतात १४. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण उत्तर याच्याच आसपास येईल : सगळं बसत नाही. आज ते बसतंय असं वाटतं, कारण पाचच तास झोपून तुम्ही आठवड्याला १७.५ तास झोपेतून उचलता आहात. वेळेचं नियोजन सुधारून ही तूट भरत नाही. काहीतरी कमीच करावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे : एक पेपर पुढच्या खेपेला द्या. दोन पेपरांना नऊ-साडेनऊ तास पुरतील. तेवढ्यानेही श्वास घ्यायला जागा फारशी उरत नाही, म्हणून भावाकडे वळा. ‘सांगशील ते करतो’ या वाक्यात करणं त्याचं असलं तरी आठवण ठेवणं तुमचंच राहतं, आणि दमवतं ते नेमकं हेच. त्यामुळे मदत मागू नका, अख्खं काम सोपवा. उदाहरणार्थ बाबांची औषधं. सात कप्प्यांची डबी दर रविवारी तो भरेल, आठवड्याचा साठा उरला की नवीन आणेल, संपत आलेल्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांशी तोच बोलेल. फिजिओथेरपीच्या वेळाही त्याच्याकडे द्या. पहिल्या आठवड्यात तो काहीतरी विसरेल. तेव्हा काम परत आपल्याकडे ओढून घेऊ नका. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. डोसात चूक होऊ नये म्हणून औषधांची यादी कप्प्यांच्या डबीवर चिकटवा.

ऑफिसात ‘मला फार ताण आहे’ म्हटलं तर सहानुभूती मिळेल, काम कमी होणार नाही. सोमवारीच सांगा : ‘या आठवड्यात तीनपैकी दोन कामं वेळेत होतील. कोणती दोन, ते ठरवूया.’ हेच डेडलाइनच्या आदल्या दिवशी सांगितलं तर ती सबब वाटते.

आता झोप. सहाला उठायचं तर साडेदहाला अंथरुणात, दहाला लॅपटॉप बंद. शेवटची कॉफी किंवा चहा दुपारी एकच्या आत घ्या. पाचला घेतलेल्या कपातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतं. पडण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं वहीत उतरवा, तीही नेमकी. ‘रिपोर्ट’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सकाळी दहाला तिसऱ्या भागातले आकडे तपासणे’ असं लिहा. २०१८ च्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. चारला जाग आली तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटं झोप लागत नाहीसं वाटलं तर उठून मंद उजेडात काहीतरी नीरस वाचा, मोबाइल नको. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभराहून जास्त पुढे नेऊ नका, नाहीतर रविवारची रात्र हमखास बिघडते.

दुपारी डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. झोप त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं. ऑफिसातून आल्यावर बाबांच्या खोलीत शिरण्याआधी दहा मिनिटं एकट्या बसा. खेकसणं याच वेळी जास्त होतं.

योगवर्ग, ध्यान, डायरी, नवा आहार हे सगळं सध्या राहू द्या. दमलेल्या माणसाच्या दिवसात चांगल्या सवयी कोंबल्या की त्यांचीही ड्युटी होते. वीस मिनिटं चालणं तेवढं ठेवा.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासा. यातलं काही बिघडलं तरी असाच थकवा येतो, आणि त्याला विश्रांती पुरत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर तेही त्यांना सांगा, कारण ते नैराश्य असू शकतं. जगणं नकोसं वाटलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन जा.

बाबांना आजच सांगा, ‘त्या दिवशी चिडले, चूक तुमची नव्हती.’ अंथरुणाजवळ हात पोचेल तिथे पाण्याची बाटली ठेवा.

तीन आठवडे रोज सकाळी वहीत झोपेचे तास आणि पहाटे जाग आली का, एवढंच लिहा. आठवड्यातून तीन-चार रात्री तरीही चारला उठत असाल, तर उतरवलेला भार पुरेसा नाही. तेव्हा दुसरा पेपरही पुढे ढकला आणि ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांना भेटा.