इंदूरच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला स्वस्त आणि टिकाऊ वॅक्स कोणतं लावावं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी गडद निळी हॅचबॅक, दोन वर्षं जुनी, सुदामा नगरात आंब्याच्या झाडाखाली उघड्यावर उभी असते. सर्व्हिस सेंटरवाले सिरॅमिक कोटिंगचे अठरा हजार सांगतायत. तुम्हाला मात्र दीड-दोन हजारांत भागेल आणि दर महिन्याला लावत बसावं लागणार नाही असं काहीतरी हवंय. शिवाय मागचा बंपर नुकताच रंगवून घेतलाय, त्याला लावलं तर चालेल का, हेही विचारलंय.

अठरा हजार घालू नका, आणि कार्नोबा या नैसर्गिक मेणाच्या डब्यामागेही लागू नका. एक सिंथेटिक सीलंट घ्या, किंवा हल्ली हायब्रिड म्हणून मिळतो तो सिलिकावाला स्प्रे घ्या, आणि वर्षातून दोनदा लावा. एकदा रंगपंचमी आटोपली की, आणि एकदा दसऱ्याच्या आधी. मी राजेंद्र नगरात राहते, माझी गाडीही बारा महिने उघड्यावरच असते आणि ती मी स्वतः धुते. आपल्या हवेत हेच वेळापत्रक बरोबर बसतं असं माझं ठाम मत आहे.

कार्नोबा वाईट नाही. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून ते मिळतं आणि सगळ्या नैसर्गिक मेणांत सर्वांत कडक तेच. ८२ ते ८६ अंशांवर वितळतं. पण नुसतं कार्नोबा हाताने पसरवताच येत नाही, इतकं ते टणक असतं. त्यामुळे डब्यात त्याच्याबरोबर तेलं, द्रावक आणि बऱ्याचदा मऊ मेणंही असतात. डब्यावर 'शंभर टक्के कार्नोबा' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की त्यातलं मेण कार्नोबाचं आहे. अख्खा डबा नव्हे. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला गेला की गडद रंगाचा बॉनेट भर दुपारी ७० अंशांच्या पुढे सहज जातो. त्या तापात असलं मिश्रण महिना-दीड महिना तग धरतं. निळ्या रंगावर त्याची झळाळी सुंदर येते हे खरं, त्यामुळे घरात लग्नकार्य असेल तर सीलंटवरून एक हात मारा, हरकत नाही. रोजच्या राखणीसाठी ते नको.

सीलंटमध्ये मेणाऐवजी पॉलिमर असतात. ते क्लिअरकोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरून बसतात आणि उन्हात मऊ पडत नाहीत. उघड्यावरच्या गाडीवर चार ते सहा महिने धरायला हरकत नाही. फक्त लावल्यावर बारा तास तरी पाणी लागू देऊ नका, तेवढ्यात ते नीट बसतं.

नावं विचारलीत म्हणून दोन सांगते. टर्टल वॅक्सचा हायब्रिड सोल्यूशन्स सिरॅमिक स्प्रे ऑनलाइन मिळतो, लावायला सगळ्यात सोपा, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तोच घ्यावा. दुसरं कॉलिनाइट ८४५. हे कार्नोबा आणि पॉलिमरचं मिश्रण असूनही टिकण्याच्या बाबतीत सीलंटच्या तोडीचं आहे. अमेरिकेतून येतं, म्हणून किंमत वरखाली होत असते आणि बाटलीचं सील बघूनच घ्यावं लागतं. आपल्याकडे जानेवारीच्या थंडीत ते बाटलीतच घट्ट होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवली की पुन्हा पातळ होतं.

किमतीकडे बघताना एक हिशेब करा. हॅचबॅकला एका वेळी २५-३० मिली पुरतं. ८४५ ची बाटली ४७३ मिलीची, म्हणजे पंधरा वेळा. वर्षातून दोनदा लावलंत तर सात वर्षं झाली! इतकी वर्षं बाटली सांभाळण्यापेक्षा कॉलनीतल्या दोन-तीन जणांनी मिळून एक घ्यावी.

दुकानात जाऊन घेणार असाल तर 'पॉलिश द्या' म्हणू नका. पॉलिश म्हटलं की बरेच जण रबिंग कंपाउंड काढून देतात. ते रंग घासून चमकवतं, राखत नाही. गाडीचा क्लिअरकोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ, आणि दर वेळी कंपाउंड लावलं की त्यातलाच थोडा थोडा जातो. एकदा गेलेला क्लिअरकोट परत येत नाही. लेबलवर क्लीनर, कट किंवा स्क्रॅच रिमूव्हर असे शब्द दिसले तर ती बाटली परत ठेवा.

'टेफ्लॉन कोटिंग'लाही नाही म्हणा. टेफ्लॉन ३२७ अंशांवर वितळतं. तव्यावर ते बसतं कारण तवा तेवढ्या तापात भाजून काढतात. तुमच्या दारात गाडीला तसं भाजणार कोण? आणि सिरॅमिकवाले ९एच, ९एच करतात ती पेन्सिलीच्या शिशाची कडकपणाची मोजपट्टी आहे. खडा, खिळा किंवा मांजा त्याला जुमानत नाही.

आता खरा मुद्दा. बाटलीवर सहा महिने लिहिलेले असतात ते खालचा रंग साफ असेल तरच मिळतात. गाडी धुऊन कोरडी करा, हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून हळूच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ते ब्रेकचं लोखंडी चूर्ण, रस्त्याच्या डांबराचे थेंब आणि तुमच्या बाबतीत आंब्याचा चिकटा. मोहोराच्या दिवसांत झाडावर तुडतुडे येतात, ते जो गोड चिकट स्राव टाकतात तो बारीक थेंबांनी काचेवर आणि टपावर पडतो, त्यावर धूळ बसते आणि उन्हात वाळून त्याचे काळपट ठिपके होतात. साध्या धुण्याने ते निघत नाहीत. कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला कपडा पाच मिनिटं त्यावर ठेवा, मग उचला. उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी, वापरा, शाम्पूचं पाणी शिंपडत, दाब न देता. क्ले जमिनीवर पडला तर मोह न करता फेकून द्या, कारण त्यात रुतलेला एकच खडा पूर्ण दरवाजा ओरबाडतो.

पाण्याचंही बघा. बोअरचं पाणी जड असतं, ते गाडीवर वाळलं की चुन्याचे पांढरे गोल उमटतात आणि वरून सीलंट लावलं तर ते खालीच कैद होतात. घरातलं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून सावलीत लावलं, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुतलं, की ताजे डाग जातात. शेवटची बादली नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची ठेवा आणि लगेच पुसून घ्या.

आणि सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या दादांशी बोला. एकाच बादलीत, एकाच कपड्याने सहा-सात गाड्या पुसल्या जातात. सातव्या गाडीपर्यंत त्या कपड्यात सगळ्या कॉलनीची माती असते. उन्हात तिरकं बघितल्यावर पत्र्यावर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते बहुतेक त्याचेच, आणि त्याच घासण्याने सीलंटही लवकर जातं. त्यांचं काम बंद करू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. तुमच्याकडून दोन मायक्रोफायबर आणि एक वेगळी बादली द्या, आणि कोरड्या धुळीवर कपडा न फिरवता आधी पाणी मारायला सांगा. मी असंच सांगितलं, आणि आमचे दादा आता शेजारच्या गाड्यांनाही तसंच करतात.

लावायचं कसं यात फार काही नाही. सकाळी सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. एका वेळी एक भाग, आणि थर इतका पातळ की लावलाय का नाही अशी शंका यावी. जाड थर जास्त टिकत नाही, पुसताना जीव मात्र काढतो. लिक्विड असेल तर बोट ओढून बघा. रेघ स्वच्छ उमटली की पुसायची वेळ झाली. स्प्रे असेल तर लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने पुसायचं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर लिक्विड वॅक्सचे पांढरे डाग राहतात. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याने कपडा पाणी टिपेनासा होतो.

रंगपंचमीनंतर का, तर गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवसांत राजवाड्याच्या बाजूने गाडी गेली काय न गेली काय, थोडाफार रंग बसतोच. तो काढायला जरा कडक शाम्पू लागतो, तोवर दसऱ्याचा थरही संपत आलेला असतो, आणि पुढे ऊन आणि मग पावसाळा उभा असतो. दसऱ्याआधी का, तर पावसाळ्यात झिजलेला थर नवा होतो आणि खंडेनवमीला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी ओल्या कपड्याने सहज निघतं.

सीलंट संपलं की नाही हे धुतलेल्या गाडीवर पाणी टाकून बघा. गोल टपोरे थेंब पळाले तर आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर गेलं. मळलेल्या गाडीवर ही परीक्षा घेऊ नका, मळाच्या थरावरही पाणी पसरतंच.

बंपरला मात्र सध्या काही लावू नका. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातला द्रावक उडून जायला वेळ लागतो, आणि वरून सीलंट बसलं तर तो आत अडकून रंग मऊ राहतो किंवा फोड येतात. रंगाप्रमाणे ३० ते ९० दिवस सांगतात. रंगवणाऱ्याला कोणता रंग वापरला ते विचारा, नाही कळलं तर ९० धरा. तोवर नुसत्या शाम्पूने धुवा आणि पक्ष्याची विष्ठा पडली तर लगेच पाण्याने भिजवून उचला, घासू नका. बाकीच्या गाडीला या रविवारी लावलंत तरी चालेल.