२६ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना करायला देण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा आलेख मिळाला. २६ गिगाहर्ट्झला तुझ्या पॅचचा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या आयताकृती अँटेनाचा, एस११ (परत येणाऱ्या ऊर्जेचे माप) उणे ३२ डीबीपर्यंत उतरलेला पाहून तुला किती आनंद झाला असेल, हे मी समजू शकतो. तरीही बोर्ड करायला देण्याचे काम आठवडाभर लांबणीवर टाकावे, असे मला वाटते. अँटेनाकडे पाठवलेली ऊर्जा परत आली नाही, एवढेच एस११ सांगतो. ती हवेत गेली की बोर्डातच जिरली, याबद्दल तो मौन पाळतो. ५० ओहमचा चांगला डमी लोड जोडलास तर त्याचा आलेखही असाच देखणा येईल, आणि त्यातून प्रसारण मात्र काहीच होणार नाही.

माझी शंका तुझ्या सबस्ट्रेटवर, म्हणजे तांब्याखालच्या विद्युतरोधक थरावर आहे. प्रयोगशाळेत पडून असलेला १.६ मिमी जाडीचा एफआर-४, म्हणजे नेहमीचा काच-इपॉक्सीचा बोर्ड, तू घेतला आहेस. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायसाठी तो चालून जातो, कारण तिथे तरंगलांबी १२५ मिमी असते. २६ गिगाहर्ट्झला ती हवेत ११.५ मिमी आणि त्या बोर्डाच्या आत जेमतेम साडेपाच मिमी उरते, म्हणजे तुझ्या बोर्डाची नुसती जाडीच पाव तरंगलांबीपेक्षा जास्त भरते. अशा जाड थरात बरीच ऊर्जा पृष्ठतरंग होऊन बोर्डाच्या कडांकडे धावते, तिथून भलत्याच दिशांना फेकली जाते आणि पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेला किती प्रसारण होते त्याचा आराखडा, बिघडवते. शिवाय एफआर-४चा लॉस टँजंट (थरात ऊर्जा किती जिरते याचे माप) ०.०२च्या आसपास, तर रॉजर्स कंपनीच्या ड्युरॉइड ५८८० या बोर्डाचा ०.०००९ आहे. हा बोर्ड महाग आहे, हे मान्य. पण छोटा तुकडा पुरतो.

तो ०.२५४ मिमी जाडीचा घेतलास तर नेहमीच्या सूत्रांनी पॅचची लांबी सुमारे ३.७५ मिमी आणि रुंदी ४.५६ मिमी येते. आता एचिंग करताना तांबे ठरल्यापेक्षा जरा जास्त खाल्ले गेले आणि लांबी फक्त ०.०५ मिमीने घटली, असे समज. रेझोनन्स, म्हणजे पॅच ज्या वारंवारतेला सर्वांत चांगला चालतो ती, सुमारे ३२० मेगाहर्ट्झने वर सरकेल. आणि एवढ्या पातळ बोर्डावरच्या साध्या पॅचची बँडविड्थ मुळात अडीच टक्क्यांच्या, म्हणजे ६५० मेगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे, जी वारंवारता पट्ट्याच्या मधोमध हवी होती ती त्याच्या काठावर जाऊन बसेल. म्हणूनच सिम्युलेशनमध्ये एकच आदर्श माप तपासून थांबू नकोस. लांबी, सबस्ट्रेटची जाडी आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक दोन्ही बाजूंना थोडे हलवून काय होते ते पाहा, आणि करून देणारा किती अचूकतेची हमी देतो हे आधी विचार. सोल्डर मास्कचे, म्हणजे बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक थराचेही तसेच. १० गिगाहर्ट्झच्या माझ्या पहिल्या पॅचवरून तो काढायला सांगण्याचे मीच विसरलो होतो. त्या हिरव्या थराने रेझोनन्स खाली ओढला आणि मी दोन दिवस केबलला दोष देत बसलो.

नारायणगावजवळ खोडदला गेलास तर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या निवांत पाहा. त्यांचा पृष्ठभाग म्हणजे तारांची जाळी आहे. मधल्या भागात तिची भोके १० मिमीची, तर कडेला २० मिमीची आहेत. २१ सेंमी आणि त्याहून लांब लहरींना ही जाळी जवळपास अखंड पत्र्यासारखी भासते. तुझ्या ११.५ मिमीच्या लहरींचा बराचसा भाग मात्र त्या भोकांतून सरळ आरपार जाईल. पृष्ठभागाचे बारकावे तुझ्या तांब्यातही महत्त्वाचे आहेत: २६ गिगाहर्ट्झला त्यातला प्रवाह पृष्ठभागालगतच्या सुमारे ०.४ मायक्रोमीटरमध्येच वाहतो, त्यामुळे तांब्याच्या सबस्ट्रेटला चिकटलेल्या खालच्या बाजूचा खडबडीतपणासुद्धा नुकसानीत भर घालतो. गुळगुळीत रोल्ड कॉपर मिळाले तर तेच घे.

कनेक्टर साधा एसएमए नको, २.९२ मिमीचा लाव, आणि तो टॉर्क पान्यानेच आवळ. व्हीएनएचे (एस११ मोजणाऱ्या यंत्राचे) कॅलिब्रेशन केबलच्या टोकापर्यंत कर आणि त्यानंतर केबल वाकवू नकोस. गेन, म्हणजे एका दिशेला ऊर्जा किती एकवटते ते, माहीत असलेला एक हॉर्न अँटेना उसना मिळव, कारण त्याच्याशी तुलना केल्यावरच तुझ्या पॅचचा खरा गेन कळेल.

बोर्ड हातात आल्यावर व्हीएनएला जोडण्याआधी पॅच सूक्ष्मदर्शकाखाली ठेव, त्याची लांबी तीन ठिकाणी मोज आणि ती मापे सिम्युलेशनमध्ये घालून पुन्हा चालव. तो आलेख आणि ते तीन आकडे मला एकत्रच पाठव.

तुझा,
सर